टोचाटोचीचा संक्षिप्त इतिहास

मनुष्यप्राण्याला देवाने जे जे फुकट दिले, त्यात कातडी ही सर्वांत मोठी ठेव. ठेव म्हणतो ते उगीच नाही. जन्माच्या दिवशी खाते उघडते, मुदत किती ते कोणालाच सांगत नाहीत, आणि मुदतीपूर्वी मोडायला गेले तर सगळाच कारभार मोडतो. असे असूनही ही ठेव मिळाली तशी जपावी, असे आजवर एकाही पिढीला वाटलेले नाही. कोणी तिच्यावर गोंदवून घेतले, कोणी तिला भोके पाडून सोने लटकवले, कोणाला सरकारने धरून टोचले. आणि आता आमच्या नांदेड-लातुरात माणसे आगाऊ वेळ ठरवून, पैसे मोजून, तोंडावर बारीक सुयांचा रूळ फिरवून घेऊ लागली आहेत. या प्रकाराला 'मायक्रोनीडलिंग' म्हणतात. पूर्वी सुया टोचल्यासारखे बोलणारी माणसे घरोघर असत आणि ती हे काम विनामूल्य करीत. असो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध मेडिकल बिलांपुरता. पण वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी नवी योजना घेऊन आला, की तो आधी जुनी खतावणी काढतो. सुई आणि कातडी यांचा हा व्यवहार अगदी नवा म्हणून मला सांगण्यात आला, तेव्हा मी सवयीप्रमाणे मागची पाने उलटायला लागलो. उलटता उलटता असे दिसले की व्यवहार फार जुना आहे. फक्त नावेची रक्कम जमेला आणि जमेची नावेला गेली आहे. पूर्वी सुई कातडीवर खूण उमटवायची. आता तीच सुई खूण पुसायला बोलावली जाते.

सुरुवात कानापासून करू. कर्णवेध हा आपल्याकडे सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुताने कान कसा टोचावा हे सविस्तर सांगितले आहे, आणि टोचलेली पाळी फाटली तर ती कशी सांधावी हेही सांगितले आहे. म्हणजे आधी भोक पाडायचे, मग ते वाढवायचे आणि शेवटी बुजवायचे, असा तिन्ही बाजूंनी कामधंदा चालू राहील, याची सोय शास्त्रातच होती. आमच्याकडे हे काम सोनार करतो. पोराला पेढा दाखवावा, मामाने मांडीवर घट्ट धरावे आणि त्याने 'आ' करण्याच्या आत सोनाराने तार आरपार न्यावी. 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण त्यावरूनच आली. वाचकांनी ही म्हण जपून ठेवावी. पुढे तिच्यावर व्याज मिळणार आहे.

कानानंतर गोंदण. माझ्या आजीच्या कपाळावर तीन हिरवे ठिपके होते, हनुवटीवर एक आणि हातावर तुळस. गोंदणारी बाई गावात आली, की दोनतीन सुया एकत्र बांधून काजळीत बुडवायच्या आणि कातडीवर टिचटिच करीत चित्र काढायचे, वरून हळद. बधिर करायचे औषध एकच, आईच्या हाताची पकड. मी लहानपणी आजीला विचारले होते, "रडलीस का गं?"

"रडले की लई. मायनं हात धरून ठिवला होता."

"मग कामून करून घेतलंस?"

"मेल्यावर संगं काय येतंय बाबा? सोनं लेकी-सुना काढून घेतेत. हे कोण काढून घेतंय?"

या युक्तिवादाला आमच्या लॉकर विभागाकडे आजही उत्तर नाही.

गोंदणाचा पसारा आपल्यापुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरहद्दीवर बर्फात एका माणसाचा देह सापडला. वय सुमारे ५,३०० वर्षे. पेन्शनच्या हिशेबाने फारच गुंतागुंतीचे प्रकरण. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागी होत्या. त्यामुळे हे गोंदण शोभेसाठी नसून औषधासाठी असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. तेव्हा 'टोचल्याने बरे वाटते' ही कल्पना कोण्या कंपनीच्या जाहिरातवाल्याची नाही. ती त्या बर्फातल्या आजोबांइतकी जुनी असण्याचा संभव आहे.

आता कोणी म्हणेल, कंबरेचे ठीक आहे, पण दिसण्यासाठी उपचार म्हणजे श्रीमंतांचे चोचले. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगतो. कावासजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून सोडून दिले. मराठीत नाक कापले गेले म्हणजे अब्रू गेली. या गृहस्थाची दोन्ही अर्थांनी गेली. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने मेणाचा नमुना करून माप घेतले, कपाळाची कातडी उलटवून खाली आणली आणि नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने तीच शस्त्रक्रिया तिकडे केली. कावासजीला नाकाशिवाय श्वास घेता येत होता, बैलही हाकता आले असते. पण चारचौघांत तोंड वर करून बसता येत नव्हते. उपचार झाला तो त्यासाठी. गाडीवानाला जर हे चोचले लागत होते, तर बाकीच्यांचे काय घेऊन बसलात!

सुईच्या खतावणीत सर्वांत मोठे पान देवीच्या नावाचे आहे. आमच्या भागात या रोगाला रोग म्हणायची कोणाची छाती नव्हती. 'देवी आल्या' असे आदराने म्हणायचे, दाराला लिंबाचा पाला बांधायचा आणि पाहुणी सुखरूप परत जाईल याची वाट पाहायची. पाहुणी जाताना माणूस तरी घेऊन जाई, नाही तर चेहऱ्यावर सही करून जाई.

त्यावर उपाय निघाला तोही सुईच्याच टोकावरून. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात पहिली लस टोचली. ती लस बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. लस जिला लागू पडली अशी हिंदुस्थानातली ही पहिली व्यक्ती. त्या काळी लस ठेवायला शीतकपाट नव्हते, त्यामुळे ती माणसाच्या दंडातच ठेवावी लागे. एकाच्या दंडावर फोड आला, की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात. ॲनाच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचले आणि पुढे ती लस पुणे, सुरत, हैदराबाद अशी निघाली. एखादा बेअरर चेक हातोहात फिरावा तशी. हैदराबाद म्हणजे निजामाची राजधानी. आमचे नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच दौलतीत. लातूर तर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. तोवर उस्मानाबादच्या खात्यावर त्याचा व्यवहार चाले.

देवी काढणारा गावात आला, की पोरे कणगीत, माळ्यावर, ज्वारीच्या फडात लपत. त्याच्याकडे फिरकीचे हत्यार असे. ते दंडावर टेकवायचे आणि गर्रकन फिरवायचे. माझ्या वडिलांच्या दंडावर चार आण्याच्या नाण्याएवढे दोन वण अजून आहेत. चार आणे चलनातून गेले, वण चालू आहेत. पुढे साठीच्या दशकात दोन टोकांची, चिमुकल्या काट्यासारखी सुई निघाली. लशीच्या थेंबात बुडवायची आणि एकाच जागी पंधरा वेळा टोचायची. शिकायला सोपी, उकळून पुन्हा वापरता येणारी, लसही थोडी लागणारी. या एवढ्याशा सुईच्या बळावर १९७५च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, आणि मे १९८०मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जाहीर केले. जगातून कायमचे बंद झालेले हे माणसाच्या रोगाचे पहिले खाते. मी त्या सुमारास जन्मलो. माझ्या दंडावर बी.सी.जी.चा एकुलता एक वण आहे. वडिलांच्या मानाने आमची पिढी कातडीच्या बाबतीतही कमी भांडवलावर उभी आहे.

रोग गेला, पण वण माणसांबरोबर राहिले आणि माणसांबरोबर बँकेतही आले. जुन्या पेन्शनरांच्या कागदांत 'अंगावरील ओळखीच्या खुणा' असा एक रकाना असे. नोकरीच्या सुरुवातीला अशा फायलींची धूळ झटकण्याचे काम माझ्याकडे होते. तिथे जे वाचले ते मला कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात मिळाले नाही. 'चेहऱ्यावर देवीचे वण.' 'कपाळावर गोंदण.' 'डाव्या हातावर गोंदलेले नाव.' 'भुवईवर जखमेची खूण, बैल लागला.' माणसाला सही येत नसली तरी चालत असे; त्याच्या कातडीवर कोणी ना कोणी आधीच सही करून ठेवलेली असे. कोणाची सुईने, कोणाची देवीने, कोणाची बैलाने. सरकार तेवढे वाचून खात्री करून घेई आणि पैसे देई. त्या काळी वण हा माणसाचा दाखला होता, त्यामुळे तो पुसून टाकावा असे कोणाच्या मनातही आले नसावे. पुसला असता तर पेन्शन बंद!

आता आमच्या घरचे प्रकरण. माझी पुतणी अहमदपूरहून अकरावीला लातूरला आली. लातूर पॅटर्न म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. एका खोलीत चार मुली, मेसचा डबा, रात्री दोनपर्यंत भौतिकशास्त्र. वय सोळा. या वयात चेहऱ्यावर जे येते त्याला मराठी शब्दकोशात 'तारुण्यपीटिका' म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला, त्याला स्वतःला कधी एकही आली नसावी. लातुरात हजारो मुले-मुली नेमक्या त्याच वयात एकत्र येत असल्यामुळे, पर्सेंटाईलच्या खालोखाल तिथे कोणत्या विषयाची चर्चा असेल तर ती याच. पुतणीला ही मुरमे अंमळ जास्तच आली. तिने ती नखांनी फोडली. मुरमे बसली आणि दोन्ही गालांवर खड्डे राहिले.

आमच्या घरात त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. पुढे ती नांदेडला आमच्याकडे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करू लागली, आणि तिला पाहायला पाहुणे येऊ लागले. मुलाची आई पोहे खाता खाता विचारी, "हे तोंडावर काय झालंय बाई?" मग थोरली वहिनी घाईघाईने सांगे, "उष्णतेनं झालंय, जाईल." असे तीन वेळा झाले. मुलगी बोलताना उजवा हात गालावर ठेवू लागली. आधी पाहुण्यांसमोर, मग घरात, मग फोनवर बोलतानासुद्धा. मी तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. माणसाचे मन पाहावे, रूप चार दिवसांचे, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडे चेकवर खाडाखोड असली तर तुम्ही काय करता?"

"सही मागतो. नाही तर परत पाठवतो."

"माझं तेच चाललंय. तीन वेळा परत आलाय."

यानंतर मी रूपावर भाषण केले नाही. खतावणी काढली ती तेव्हा.

वण पुसण्याचा खटाटोप शंभरावर वर्षे चालू आहे. जर्मनीत अर्न्स्ट क्रोमायर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९०५च्या सुमारास दातांच्या डॉक्टरचे फिरते हत्यार घेऊन वण घासून सपाट करायचा प्रयोग सुरू केला. ही म्हणजे नांगरट. वरची माती पार उलथून काढायची आणि नवी येईल अशी आशा करायची. गोऱ्या कातडीवर ती बऱ्यापैकी खपे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर मात्र अशा नांगरटीनंतर काळे डाग पडण्याची धास्ती फार. खड्डा गेला आणि डाग आला, म्हणजे कर्ज फेडायला कर्ज काढण्यासारखे.

सुईचा धागा सापडला तो योगायोगाने. कॅनडात मॉन्ट्रियलच्या आंद्रे कामिराँ या प्लास्टिक सर्जनकडे शस्त्रक्रियेचे पांढरे वण लपवायला बायका येत. तो त्या वणांवर कातडीच्या रंगाचे गोंदण करी. वर्षा-दोन वर्षांनी पाहतो तो काय, गोंदणाचा रंग उडून गेलेला, पण वण मऊ झालेला आणि कातडीचा स्वतःचा रंग परत आलेला! मग त्याने विचार केला की गुण रंगाचा नव्हे, टोचण्याचा आहे. त्याने शाईशिवायच गोंदायला सुरुवात केली आणि १९९७ साली सहकाऱ्याबरोबर ते प्रसिद्ध केले. माझ्या आजीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, "मंग पैशे कशाचे घेतलास रे? काढलास तर काहीच नाही!"

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या डेस फर्नांडिस या सर्जनने सुया बसवलेला एक छोटा रूळ तयार केला. मुठीत मावेल एवढा दांडा, टोकाला चाक आणि चाकावर १९२ बारीक सुया. वणासाठी वापरतात त्या साधारण दीड मिलिमीटर लांबीच्या, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या. हा रूळ एका जागेवरून पंधरा वेळा फिरवला, तर चौरस सेंटिमीटरला अडीचशेच्या आसपास छिद्रे पडतात. पंधरा हा आकडा देवीच्या सुईतही होता. सुईला हा आकडा मानवत असावा.

एवढी भोके पाडून मिळते काय? तर कातडीला आपण जखमी झालो असे वाटते. रक्ताचे बारीक थेंब येतात, त्यातल्या बिंबिका दुरुस्तीचा निरोप धाडतात आणि आतल्या थरात कोलॅजन नावाचे धागे नव्याने विणले जाऊ लागतात. वण म्हणजे जिथे हे धागे तुटले किंवा वेडेवाकडे गुंतले ती जागा. नवे धागे आले की खड्डा खालून हळूहळू भरतो. वरची कातडी मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते. म्हणून सावळ्या कातडीला हा उपाय त्यातल्या त्यात सोसतो. आमच्या शेतकरी खातेदारांना मी हे असे सांगतो: ती नांगरट, ही टोकण. जमीन उलथायची नाही. नुसती भोके पाडायची आणि उगवण्याची वाट पाहायची. फरक एवढाच, की इथे बी जमिनीचे स्वतःचेच.

आता योजना समजली म्हणजे अटीही वाचाव्यात. त्या नेहमीच बारीक टाइपात असतात. एक, काळा डाग आणि खड्डा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा उपाय मुख्यतः खड्ड्याचा. दोन, उथळ, पसरट खड्डे बरे भरतात; खिळा ठोकल्यासारखे अरुंद आणि खोल असतील ते फारसे दाद देत नाहीत, त्यांना दुसरे उपाय लागतात. तीन, चेहऱ्यावर पिकलेली मुरमे किंवा नागिणीसारखे फोड असताना हा रूळ फिरवू नये. संसर्ग सगळीकडे वाटला जातो. चार, ज्यांचा वण फुगून वर येतो, जे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात, मधुमेह ताब्यात नाही, किंवा मुरमांवरच्या तीव्र गोळ्या चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना सगळे सांगावे. गरोदर बाईने थांबावे. पाच, एका बैठकीत काही होत नाही. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा जावे लागते आणि खरा फरक दिसायला पुढे काही महिने. म्हणजे ही मुदत ठेव आहे, चालू खाते नव्हे.

आमच्या शाखेचे हेड कॅशियर मात्र अटी वाचणाऱ्यांतले नाहीत. त्यांना कोणीतरी सांगितले की या रुळाने टकलावर केस येतात. ही बातमी अगदीच हवेतली नव्हती. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी शंभर पुरुषांवर याचा अभ्यास केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना केस वाढवायचे नेहमीचे औषध आणि उरलेल्यांना तेच औषध अधिक आठवड्यातून एकदा सुयांचा रूळ. बारा आठवड्यांनी रूळवाल्यांचे केस पुष्कळच अधिक वाढलेले दिसले. परंतु ते केस विरळ होत चाललेले पुरुष होते, आणि रूळ डॉक्टरांच्या हातात होता. आमच्या साहेबांचे डोके म्हणजे नव्या नोटेसारखे गुळगुळीत. त्यांनी घरपोच मागवलेला रूळ रविवारी सकाळी आरशासमोर उभे राहून शेतावर मैंद फिरवावा तसा फिरवला. सोमवारी ते टोपी घालून आले. गुरुवारपर्यंत टोपी होती. शुक्रवारी मी विचारले, "काय साहेब, उगवलं का काही?" ते नोटा मोजत होते, मोजणी चुकली आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

घरी फिरवायला म्हणून जे रूळ मिळतात, त्यांच्या सुया बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. त्याने मलम थोडे आत जात असेल, वण भरत नाही. आणि दीड मिलिमीटरचा रूळ घरी आणणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावरच्या खिळ्याला लावून ठेवण्यासारखे.

यापेक्षा धाकधूक वाटली ती दुसऱ्या एका ठिकाणी. पुतणीला घेऊन सौभाग्यवती प्रथम एका ब्यूटी पार्लरात गेली. दर निम्म्याने कमी. तिथल्या बाईने ड्रॉवरमधून रूळ काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि म्हणाली, "बसा ताई." सौ.ने विचारले, "हा नवीन आहे ना?" त्यावर उत्तर आले, "नवीनच आहे की, दिवाळीलाच आणलाय." तेव्हा मार्च चालू होता. सौ. मुलीचा हात धरून बाहेर पडली. माझ्या संसारातल्या सर्व आर्थिक निर्णयांत हा सर्वांत चोख.

कारण यात गंमत नाही. एकाच्या रक्तात बुडालेली सुई दुसऱ्याला टोचली, तर कावीळ 'बी'पासून एच.आय.व्ही.पर्यंत काहीही जाऊ शकते. ही नुसती भीती नव्हे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये रुग्णाचेच रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात मुरवत असत. २०१८ साली तिथला घोळ उघडकीस आला, आणि तिथे चेहरा उजळवून घेतलेल्या काही बायकांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचा अहवाल तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केला. दुसरा एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. साध्या कातडीवर चालणारे सीरम किंवा मलम भोके पडलेल्या कातडीत गेले, तर आत गाठी येऊ शकतात; तशी उदाहरणे २०१४ साली डॉक्टरांनी नोंदवली आहेत. ॲनाच्या काळी एका दंडावरून दुसऱ्या दंडावर द्रव नेणे ही नाइलाजाची गोष्ट होती. आज तसे करणे हा गुन्हा समजावा. सोनारानेच कान टोचावेत म्हटले ते यासाठी. म्हणीवरचे व्याज इथे जमा झाले.

मग आम्ही नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी सुई काढलीच नाही. दिवा लावून गाल पाहिला, दोन नवी मुरमे दिसली, ती आधी बसवू म्हणाल्या. मग मला उद्देशून, कारण पैसे देणारा चेहरा ओळखता येतो, म्हणाल्या, "काका, हा खोडरबर नाही. निम्मा फरक पडला तरी चांगला पडला म्हणायचं." वीस वर्षांत माझ्यासमोर कोणत्याही योजनेच्या एजंटाने परताव्याचा आकडा स्वतःहून कमी सांगितला नव्हता. मी तिथेच चेकबुक काढले.

दोन महिन्यांनी पहिली बैठक झाली. बधिर करणारे मलम लावून पाऊण तास बसवले, नवा रूळ समोर पाकीट फोडून काढला, अर्ध्या तासात काम संपले. मुलगी बाहेर आली ती उन्हात ज्वारी काढून आल्यासारखी लालबुंद. दोन-तीन दिवसांत लाली उतरली. उन्हात न जाण्याची ताकीद होती. नांदेडच्या मे महिन्यात ती वेगळी द्यावी लागत नाही. दुसऱ्या बैठकीनंतर थोरली वहिनी म्हणाली, काहीच फरक नाही. तिसरीनंतर म्हणाली, उजेडावर आहे. चौथ्या बैठकीनंतर तिने बोलणे सोडून दिले आणि आम्हीही पाहणे सोडून दिले. रोज पाहिल्याने ठेव वाढत नाही, हे मी खातेदारांना सांगत आलो आहे.

खड्डे गेले नाहीत. तिरप्या उजेडात आजही दिसतात. पण एका रविवारी ती जेवताना कुठल्याशा परीक्षेबद्दल तावातावाने भांडत होती, आणि मला एकाएकी जाणवले की तिचे दोन्ही हात ताटाशी आहेत. गालावरचा हात कधी उतरला ते कोणाच्या लक्षातच आले नव्हते. नंतर एकदा मोजून पाहिले. तासभरात एकदाही नाही. त्वचाशास्त्राच्या पुस्तकात हे माप असेल की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात तेच धरले.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४पासून हे काम बोटाच्या ठशावर मशीनने होऊ लागले. परंतु जन्मभर शेतात खुरपे चालवलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांवरच्या रेघाच झिजलेल्या असतात. मशीन म्हणते, तू तो नव्हेस. २०२१पासून फोनसमोर चेहरा धरूनही काम होते. परवा अशीच एक आजी आली. बोट चारदा नापास झाले. मग मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. कपाळावर हिरवे ठिपके, गालावर देवीचे वण. फोनने क्षणभर विचार केला आणि मान्य केले. आजी म्हणाली, "पैलेच तोंड बघितलं असतं तर!" तिच्या चेहऱ्यावरचे काही पुसायला निघाले असते, तर तिने सुईवाल्याला दारात उभे केले नसते. पुतणीच्या चेहऱ्यावरचे राहू द्या म्हणणारेही चूक आणि आजीचे पुसा म्हणणारेही चूक. कोणती खूण ठेवायची आणि कोणती नाही, हे ज्याचे खाते त्याने ठरवावे. आम्ही फक्त पाकीट समोर फोडले का, तेवढे पाहावे.

त्याच आठवड्यात पुतणीने एका नोकरीचा अर्ज भरला आणि तपासायला माझ्याकडे दिला. त्यातही ओळखीच्या खुणेचा रकाना होता. दोन वर्षांपूर्वीच्या अर्जात तिने तिथे 'दोन्ही गालांवर वण' असे लिहिले होते. तो अर्जही मीच तपासला होता. या वेळी लिहिले होते, 'डाव्या मनगटावर तीळ.'

"वण आहेत की अजून," मी म्हणालो.

"आहेत ना. पण ओळख म्हणून लिहावेत एवढे राहिले नाहीत, काका."

मी अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. कुठे खाडाखोड नव्हती.